भाजीच्या वाफ्यातून जगाचा अभ्यास

संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ मध्ये शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे ठरवली, मुदत २०३०. आठवी-नववीतल्या मुलांना ती पाठ करायला लावली, तर परीक्षेनंतर विसरली जातात. वर्धा जिल्ह्यात याहून बरी वाट जुनीच आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला आणि डॉ. झाकीर हुसेन समितीने त्याचा अभ्यासक्रम आखला. हीच नई तालीम. सेवाग्रामच्या आनंद निकेतन विद्यालयात २००५ पासून ती नव्याने सुरू झाली. शेती, स्वयंपाक, सफाई, सूतकताई हे इथे अभ्यासाचेच विषय.

मेथीचा एक वाफा घ्या. लांबी-रुंदी मोजली की क्षेत्रफळ आले. बियाणे, पाणी, उत्पन्न मांडले की जमाखर्च. पालापाचोळा कुजून त्याचे खत झाले की जीवशास्त्र, आणि विकतचे रासायनिक खतही तेवढे कमी लागते. रासायनिक खतातून निघणारा नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायू वाऱ्याबरोबर जगभर पसरतो. म्हणजे सेवाग्रामचा वाफा आणि जगाचे हवामान यांचा हिशेब एकाच वहीत मांडता येतो. सुरुवातीला शाळेला एक वाफा, एक खतखड्डा आणि मुलांनी स्वतः लिहिलेली नोंदवही पुरते.