इंग्रजी भाषेची परीक्षा आणि आमचे विद्यार्थी



आमच्या कट्टा पंचक्रोशीतील मुले-मुली दहावी-बारावीला इंग्रजीत चांगले गुण मिळवतात, पदवीही घेतात. परंतु परदेशी विद्यापीठात प्रवेश घ्यायची वेळ येते तेव्हा 'आयईएलटीएस'सारखी भाषेची परीक्षा आडवी येते आणि भल्याभल्यांचा धीर सुटतो. महाराष्ट्र शासनाने २००३ साली अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती सुरू केली. तिच्या अटी प्रत्येक वर्षीच्या जाहिरातीत नीट वाचाव्यात. मात्र शिष्यवृत्ती मिळवायची तर आधी विद्यापीठाचा प्रवेश हवा आणि प्रवेशासाठी बहुतेक ठिकाणी इंग्रजीचा दाखला हवा. म्हणून हा विषय आम्ही या स्मरणिकेसाठी घेतला आहे.

अर्धा गुण आणि एक वर्ष

काही वर्षांपूर्वी विहारातील अभ्यासिकेत एक मुलगी नियमाने येत असे. घरची परिस्थिती बेताची, पण हुशार आणि कष्टाळू. तिला आम्ही मोठ्या उत्साहाने सल्ला दिला की, अवघड शब्दांची यादी पाठ कर आणि व्याकरणाचे नियम घोकून काढ. तिने दोन्ही केले. परीक्षेसाठी ती गोव्याला गेली. निकालात श्रवण, वाचन आणि संभाषण या तिन्हींत तिला ७ बँड मिळाले, लेखनात मात्र ६. चारांची सरासरी पावणेसात येते आणि नियमाप्रमाणे ती ७ धरली जाते. पण विद्यापीठाची अट होती की कोणत्याही भागात साडेसहाच्या खाली नको. अर्ध्या बँडसाठी प्रवेश गेला, वर्ष गेले आणि घरच्यांनी साठवलेले शुल्काचे पैसेही गेले.

या परीक्षेची उत्तरपत्रिका परत मिळत नाही. म्हणून आम्ही तिच्या सरावाच्या वह्या घेऊन बसलो. नियम तिला सगळे तोंडपाठ होते, तरी प्रत्येक पानावर त्याच सात-आठ चुका पुन्हा पुन्हा होत होत्या. त्यांतली बहुतेक प्रत्येक चूक म्हणजे इंग्रजी शब्दांत लिहिलेले चोख मराठी वाक्य होते. चूक तिच्यापेक्षा आमच्या सल्ल्याची अधिक होती, हे आम्ही येथे कबूल करतो.

परीक्षक काय पाहतो?

आयईएलटीएस ही परीक्षा १९८९ पासून या नावाने घेतली जाते. तिचे चार भाग आहेत. लेखनासाठी ६० मिनिटे असून त्यात दोन प्रश्न असतात. पहिल्यासाठी किमान १५० आणि दुसऱ्यासाठी किमान २५० शब्द लिहावे लागतात. लेखन चार कसोट्यांवर तपासतात : प्रश्नाला दिलेले उत्तर, मांडणीतील सुसंगती, शब्दसंपत्ती, आणि व्याकरणाचा आवाका व अचूकपणा. चारही कसोट्यांना सारखेच वजन असते. म्हणजे लेखनाचे निम्मे गुण शब्द आणि व्याकरण यांवर आहेत. 'आवाका' हा शब्द लक्षात ठेवावा. सगळी वाक्ये छोटी आणि बिनचूक लिहिली तरी वरचा बँड मिळत नाही. गुंतागुंतीची वाक्ये लिहिता यावीत आणि ती बरोबरही असावीत, अशी अपेक्षा असते.

मराठी माणूस कुठे अडखळतो?

१) काळ. 'गेली दोन वर्षे मी येथे राहतो' असे आपण साध्या वर्तमानकाळात म्हणतो. म्हणून मुले लिहितात, 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स'. इंग्रजीत पूर्वी सुरू होऊन आजपर्यंत चाललेल्या गोष्टीला वेगळे रूप लागते : 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टू इयर्स'. मुदत सांगायची तर 'फॉर', आरंभाचा क्षण सांगायचा तर 'सिन्स'. दुसरे उदाहरण आपल्या मालवणीतले. 'मी कालच इलंय' हे आपल्याकडे अगदी सहज बोलले जाते. पण 'आय हॅव कम यस्टरडे' हे इंग्रजीत चालत नाही. 'काल', 'गेल्या वर्षी', '२०१९ साली' असा संपलेला काळ वाक्यात आला की 'हॅव' सोडून द्यावे आणि 'आय केम यस्टरडे' असे म्हणावे.

२) आर्टिकल. मराठीत 'द' नाही, म्हणून तो कुठे घालावा हे कळत नाही. एक युक्ती सांगतो. 'काल एक माणूस भेटला. तो माणूस चौक्याचा होता.' यातील 'एक'च्या जागी 'अ' आणि 'तो'च्या जागी 'द' येतो. ऐकणाऱ्याला कोणता ते कळते, तेथे 'द'. विशेषनामांची तऱ्हा मात्र पाठच करावी लागते. धामापूरच्या तलावाला 'धामापूर लेक' म्हणताना 'द' लागत नाही, पण कर्ली नदीला 'द कर्ली' आणि अरबी समुद्राला 'द अरेबियन सी' म्हणावे लागते. 'सिंधुदुर्ग फोर्ट' या पूर्ण नावाला 'द' नको, पण पुढच्या वाक्यात नुसते 'किल्ला' म्हणताना 'द फोर्ट' हवे.

३) जर-तर. 'बस चुकली नसती तर मी वेळेवर पोहोचलो असतो.' या मराठी वाक्याच्या दोन्ही अंगांत 'असते'चेच रूप आहे. त्यामुळे मुले दोन्हीकडे 'वुड हॅव' घालतात. इंग्रजीत 'इफ'च्या अंगात 'हॅड' येतो आणि दुसऱ्या अंगात 'वुड हॅव' : 'इफ आय हॅड नॉट मिस्ड द बस, आय वुड हॅव रीच्ड ऑन टाइम'. 'इफ'च्या मागे 'देन' लावण्याची सवयही आपल्या 'तर'मुळे लागते. तो सहसा गाळावा.

४) प्रश्नाचे कथन. 'खंय चललंस, असा त्याने विचारला.' आपण समोरच्याचा प्रश्न जसाच्या तसा ठेवतो. त्यावरून 'ही आस्क्ड मी व्हेअर वॉज आय गोइंग' असे वाक्य तयार होते. इंग्रजीत प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की त्याची मांडणी साध्या विधानासारखी होते : 'ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग'.

५) स्वल्पविराम. 'माय ब्रदर हू लिव्ह्ज इन मुंबई' असे स्वल्पविरामाशिवाय लिहिले, तर भाऊ एकाहून अधिक असून त्यांतला मुंबईचा, असा अर्थ होतो. 'ब्रदर'च्या पुढे स्वल्पविराम दिला तर भाऊ एकच असून तो मुंबईला राहतो ही जादा माहिती ठरते. मराठीत 'मुंबईला राहणारा भाऊ' म्हटले की भागते, म्हणून हा भेद आपल्या कानाला जाणवत नाही. जादा माहितीच्या अशा वाक्यात 'दॅट' वापरू नये.

६) सोबतीचे शब्द. आपण परीक्षा 'देतो', इंग्रज ती 'घेतो'. 'टेक ॲन एक्झाम' किंवा 'सिट ॲन एक्झाम' म्हणजे परीक्षेला बसणे. चहा 'स्ट्राँग' असतो, पण पाऊस 'हेवी' असतो. 'डिस्कस'च्या पुढे 'अबाउट' येत नाही. 'इन्फर्मेशन', 'ॲडव्हाइस', 'फर्निचर', 'इक्विपमेंट' या शब्दांना 'एस' लावून अनेकवचन होत नाही.

शब्द किती आणि कोणते?

आमच्या विद्यार्थिनीने मासेमारीवरील निबंधात भरपूर मासळी या अर्थी 'प्लेथोरा' हा शब्द घातला होता. त्या शब्दात 'गरजेहून जास्त' अशी छटा आहे आणि तिच्या निबंधाचा विषय तर मासळी कमी होत चालल्याचा होता. यादीतून उचललेला शब्द असा दगा देतो. त्यापेक्षा माहीत असलेल्या शब्दाचे सगळे कुटुंब शिकावे. 'इकॉनॉमी' म्हणजे अर्थव्यवस्था, 'इकॉनॉमिक' म्हणजे अर्थव्यवस्थेसंबंधीचे, 'इकॉनॉमिकल' म्हणजे काटकसरीचे आणि 'इकॉनॉमिस्ट' म्हणजे अर्थतज्ज्ञ. सरकारच्या आर्थिक धोरणाला 'इकॉनॉमिकल पॉलिसी' लिहिणारे पदवीधर आम्ही पाहिले आहेत. वहीत शब्द एकटा लिहू नये. त्याचे कुटुंब, त्याच्या सोबत येणारे दोन शब्द आणि स्वतःच्या गावावरचे एक वाक्य, एवढे लिहावे. अशा रीतीने दिवसाला पाच शब्द झाले तरी पुष्कळ आहेत.

जुनी पण खरी पद्धत

सराव कसा करावा, याचे उत्तर आम्हांला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रातच सापडले. सुभेदार रामजींनी लहानग्या भीमरावांकडून तर्खडकरांच्या भाषांतराच्या पुस्तकांचा कसून अभ्यास करून घेतला होता. पुढे १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ साली तेथील मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर इंग्रजीतून निबंध वाचला. योगायोग असा की, त्याच १९१३ साली केंब्रिजने परदेशीयांसाठी इंग्रजीची पहिली प्रावीण्य परीक्षा घेतली. बारा तास चाललेल्या त्या परीक्षेला तिघे बसले आणि तिघेही नापास झाले. त्या परीक्षेतही भाषांतर हा एक विषय होता.

भाषांतराची ही रीत त्याहून पुष्कळ जुनी आहे. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिचे शिक्षक रॉजर ॲस्कम यांचे शिक्षणावरील पुस्तक १५७० साली छापले गेले. त्यात लॅटिन शिकवण्यासाठी दुहेरी भाषांतराचा मार्ग सांगितला आहे. आम्ही तोच असा वापरतो :

चांगल्या इंग्रजी वर्तमानपत्राच्या अग्रलेखातील आठ-दहा ओळी घ्याव्यात. त्यांचे सरळ मराठी करावे. मूळ उतारा मिटून ठेवावा. दोन दिवसांनी फक्त मराठीकडे पाहून त्याचे पुन्हा इंग्रजी करावे आणि मुळाशी ताडून पाहावे. जेथे जेथे फरक पडला तेथे लाल खूण करावी. शब्द वेगळा पण बरोबर असेल तर सोडून द्यावा. 'द' राहिला, काळ चुकला, सोबतीचा शब्द बिघडला, तर ती चूक वेगळ्या वहीत मांडावी. वहीत तीन रकाने असावेत : माझे वाक्य, बरोबर वाक्य, आणि मराठीतील कोणत्या सवयीमुळे चूक झाली ते. महिन्याभरात प्रत्येकाला आपले आठ-दहा शत्रू ओळखता येतात. तेवढेच त्याचे व्याकरण. बाकीचे पुस्तक त्याने चाळले तरी पुरे.

दुसरा सराव वाक्य फिरवण्याचा. शाळेत 'डू ॲज डायरेक्टेड'खाली 'रिमूव्ह टू' आणि 'नो सूनर-दॅन' आपण सर्वांनी केलेले आहे. केंब्रिजची 'ॲडव्हान्स्ड' परीक्षा १९९१ साली सुरू झाली, तिच्यातही याच जातीचा प्रश्न असतो. एक शब्द देतात, तो न बदलता तीन ते सहा शब्दांत तोच अर्थ दुसऱ्या रीतीने सांगायचा असतो. म्हणजे शाळेतली ती शिदोरी टाकाऊ नाही. 'मी स्टँडवर पोहोचतो न पोहोचतो तोच एस.टी. सुटली' हे 'हार्डली हॅड आय रीच्ड द स्टँड व्हेन द बस लेफ्ट' असे मांडता येते. मात्र असे नटवे वाक्य निबंधात एखादेच असावे. प्रत्येक ओळीत आले तर परीक्षकाला पाठांतराचा वास येतो.

तिसरा सराव घड्याळ लावून लिहिण्याचा. दुसऱ्या प्रश्नाला गुणांत दुप्पट वजन असते, म्हणून त्याला ४० मिनिटे आणि पहिल्याला २० मिनिटे द्यावीत. शेवटची चार मिनिटे फक्त स्वतःच्या चुकांच्या वहीतील शत्रू शोधण्यासाठी राखून ठेवावीत. तीन महिने रोज दीड तास दिला तर लेखनात फरक दिसू लागतो, असा आमचा अनुभव आहे. परीक्षेचा दाखला साधारणपणे दोन वर्षेच ग्राह्य धरतात, म्हणून प्रवेशाचा हिशोब करूनच परीक्षेची तारीख ठरवावी.

शेवटी

ती मुलगी पुन्हा परीक्षेला बसली. या वेळी तिने शब्दांची नवी यादी हातात घेतली नाही, फक्त आपल्या चुकांची वही घेतली. लेखनात तिला साडेसहा मिळाले. साडेसहा म्हणजे काही मोठा विक्रम नव्हे. पण जे दार बंद झाले होते ते तेवढ्याने उघडले.

मालवणी बोलणाऱ्या मुलाला इंग्रजी येणार नाही, ही समजूत मनातून काढून टाका. आपली मराठी कशी चालते हे ज्याला नीट ठाऊक आहे, त्याला इंग्रजी कुठे वळते ते लवकर दिसते. समाजातील नोकरदार आणि निवृत्त शिक्षक बंधू-भगिनींना आमची विनंती आहे की, आठवड्यातून एक संध्याकाळ अभ्यासिकेत यावे आणि चार मुलांच्या वह्या तपासून द्याव्यात. शुल्काचे पैसे गोळा करता येतात, पण चूक दाखवणारा जाणता माणूस शेजारी बसलेला असणे हे मुलांना त्याहून मोलाचे आहे. आपली चूक दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सुधारत नाही, हे आम्ही त्या एका वर्षात शिकलो.