हायड्रेंजिया : आधी मुळं, मग कात्री
कुंडीतली बाग – लेखांक ९

मागच्या लेखात आपण मातीचा निचरा पाहिला. त्या निचऱ्याची सगळ्यात कडक परीक्षा घेणारं झाड म्हणजे हायड्रेंजिया. टपोऱ्या गुच्छांनी भरलेली कुंडी आपण हौसेने घरी आणतो, महिन्याभरात झाड मान टाकतं आणि घाबरून आपण कात्री उचलतो. पण दुखणं बहुतेक वेळा फांद्यांत नसतं, मुळांत असतं.

हे झाड मूळचं जपानचं, दमट हवेत वाढणारं. त्याच्या रुंद पानांतून पाणी झपाट्याने उडतं. दुपारी लोंबलेली पानं संध्याकाळी सावरली, तर तो फक्त उन्हाचा परिणाम; कुंडी सावलीत सरकवा, जादा पाणी घालू नका. सकाळीही पानं लोंबलेलीच असतील, तर बोट दोन पेरं मातीत घालून पाहा.

माती कोरडी असेल, तर तिचा गोळा आक्रसून कडा सोडतो आणि वरून घातलेलं पाणी कडेने वाहून जातं. अशी कुंडी पाण्याच्या बादलीत बुडवा, बुडबुडे थांबले की काढून निथळू द्या. माती ओली असूनही पानं लोंबत असतील, तर मुळं कुजत आहेत. झाड बाहेर काढा, काळपट, लिबलिबीत मुळं कापून टाका आणि तांबडी माती, कोकोपीट व पूर्ण कुजलेलं कंपोस्ट समप्रमाणात घेऊन नव्याने लावा. नवी पालवी दिसेपर्यंत खत देऊ नका.

चुना आणि राख या झाडापासून दूर ठेवा. मातीचा सामू ५.५ च्या खाली असला, तर झाडाला ॲल्युमिनियम मिळतं आणि निळ्या-गुलाबी जातींची फुलं निळी होतात, सामू ६.५ च्या वर गेला की ती गुलाबी होतात. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याने पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शक्य तेव्हा पावसाचं पाणी द्या.

आता कात्री. फांदी नखाने खरवडा. आत हिरवं दिसलं तर ती जिवंत. तपकिरी, कोरडी असेल तर बुडापासून कापा. हे काम केव्हाही चालतं. जिवंत फांदीचं तसं नाही. मोठ्या पानांच्या नेहमीच्या जातीत पुढच्या बहराचे डोळे यंदाच्या फांद्यांच्या शेंड्यांवर, पावसाळा सरून गारवा येऊ लागला की तयार होतात. डिसेंबरात झाड ‘नीटनेटकं’ केलंत, तर वर्षाची फुलंच कापलीत. म्हणून फुलोरा ओसरला की लगेच छाटा : सुकलेल्या गुच्छाखाली जिथे टपोऱ्या डोळ्यांची पहिली जोडी असेल, तिच्या किंचित वर. गर्दी झाली असेल, तर सर्वांत जुन्या फांद्यांपैकी एक तृतीयांश बुडातून काढा, त्याहून जास्त नको.

डोळे पक्के व्हायला काही आठवड्यांची थंडी लागते. महाबळेश्वर-पाचगणीला ती मिळते, मुंबईत नाही. त्यामुळे मुंबईकरांच्या कुंडीत झाड हिरवंगार होऊनही फुलेलच असं नाही. सकाळचं कोवळं ऊन, दुपारची सावली आणि मुळांशी सतत ओल, पण साचलेलं पाणी नाही, एवढं सांभाळा. पानं गळून उघडी पडलेली कुंडी फेकण्याआधी फांदी एकदा नखाने नक्की खरवडून पाहा.