नैराश्यरोधक औषधे

नैराश्यरोधक औषधे ही नैराश्य (डिप्रेशन) आणि काही चिंताविकार यांच्या उपचारात वापरली जाणारी औषधे आहेत. भारतात ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. १९५० च्या दशकात क्षयरोगावरील इप्रोनियाझिड या औषधाने रुग्णांची मनःस्थिती सुधारते असे आढळले, आणि त्याच दशकात स्वित्झर्लंडमधील रोलांड कून यांनी इमिप्रामिनचा गुण दाखवून दिला. तेथून या औषधांचा इतिहास सुरू होतो.

मराठवाड्यातील लातूर व नांदेड या जिल्ह्यांत मानसिक आरोग्याचा प्रश्न दोन कारणांनी ऐरणीवर आला : ३० सप्टेंबर १९९३ रोजीचा किल्लारीचा भूकंप आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या. भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्यसेवेच्या गरजांवरील भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या प्रकल्पाचे प्रमुख संशोधक मानसोपचारतज्ज्ञ व अभिनेते डॉ. मोहन आगाशे होते. पुढे राज्य शासनाने मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ राबवला. त्यात आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन तणावग्रस्त व्यक्तींचा शोध घेतात.

परिणामकारकता

‘लॅन्सेट’मध्ये २०१८ साली आंद्रेआ चिप्रियानी व सहकाऱ्यांनी २१ औषधांची तुलना प्रसिद्ध केली. तिच्यात ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ व्यक्तींची माहिती होती. प्रौढांमध्ये सर्वच औषधे औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरली; सरासरी लाभ मात्र माफक होता. अमिट्रिप्टिलिन, एस्सिटालोप्राम, मिर्टाझापिन व व्हेन्लाफॅक्सिन ही औषधे परिणामात वरच्या गटात आली, फ्लुओक्सेटीन थोडे मागे राहिले. बहुतेक चाचण्या सुमारे आठ आठवड्यांच्याच होत्या, हे या क्रमवारीकडे पाहताना विसरता येत नाही. शिवाय औषधांमधील अंतर इतके कमी आहे की प्रत्यक्षात निवड बहुधा दुष्परिणामांवरून ठरते.

दुष्परिणाम

अमिट्रिप्टिलिनने तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठता होते, लघवी अडते आणि गुंगी येते. घाम कमी येत असल्याने मराठवाड्याच्या उन्हाळ्यात शेतात राबणाऱ्या माणसाला उष्णतेचा त्रास वाढू शकतो. अधिक मात्रा पोटात गेल्यास हृदयाची लय बिघडते. म्हणून आत्महत्येचा धोका असलेल्या रुग्णासाठी डॉक्टर हे औषध सहसा टाळतात, किंवा थोड्या दिवसांपुरतेच देऊन गोळ्या नातेवाइकांकडे सोपवतात. परिणामाच्या तक्त्यात वर असलेले औषध येथे मागे पडते ते या कारणाने. (हेच औषध कमी मात्रेत अर्धशिशी व मज्जातंतूंच्या वेदनांवरही दिले जाते, चिठ्ठीवर ते दिसले म्हणजे रुग्णाला नैराश्यच आहे असे नव्हे.)

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन व फ्लुओक्सेटीन ही सेरोटोनिनवर काम करणारी औषधे तुलनेने सुसह्य आहेत. मळमळ, अस्वस्थता व झोपेतील बिघाड हे त्रास बहुधा पहिल्या काही आठवड्यांत ओसरतात. लैंगिक इच्छा कमी होणे हा त्रास मात्र टिकतो, आणि संकोचामुळे रुग्ण तो सांगत नाहीत. वृद्धांमध्ये रक्तातील सोडियम कमी होऊन गोंधळल्यासारखे होऊ शकते. वेदनाशामक गोळ्यांसोबत रक्तस्रावाचा, तर ट्रामाडॉलसोबत सेरोटोनिन अतिरेकाचा धोका वाढतो. मिर्टाझापिनने झोप व वजन वाढते. व्हेन्लाफॅक्सिनने रक्तदाब वाढू शकतो. द्विध्रुवी विकार असलेल्या रुग्णाला केवळ नैराश्यरोधक दिल्यास उन्माद उफाळू शकतो. २५ वर्षांखालील रुग्णांत सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकत असल्याने त्यांच्यावर विशेष लक्ष ठेवावे लागते.

उपचारातील खंड

दुष्परिणाम पहिल्या दिवसांपासून जाणवतात, गुण मात्र दोन ते चार आठवड्यांनी. या मधल्या काळात अनेकजण औषध सोडतात. बरे वाटल्यावरही साधारण सहा महिने किंवा अधिक काळ ते चालू ठेवावे लागते. किनवट किंवा देगलूर तालुक्यातील खेड्यातून नांदेडला जाण्यात दिवसाची मजुरी बुडते, मग गोळ्या संपल्या की उपचारही थांबतो. व्हेन्लाफॅक्सिन अचानक थांबल्यास चक्कर, मळमळ व विजेच्या झटक्यासारखी संवेदना होते. फ्लुओक्सेटीन शरीरात दीर्घकाळ राहत असल्याने एखादी मात्रा चुकली तरी हा त्रास क्वचितच होतो. अशा ठिकाणी हा गुण परिणामातील किंचित फरकापेक्षा मोलाचा ठरू शकतो.

नांदेड येथील डॉ. शंकरराव चव्हाण आणि लातूर येथील विलासराव देशमुख या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत, तसेच जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत मानसोपचार मिळतो. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतूनही समुपदेशन उपलब्ध आहे.