औषधाची किंमत, आजाराचा खर्च

किंमत आणि खर्च हे शब्द व्यवहारात एकाच अर्थाने वापरले जात असले, तरी अर्थशास्त्राला त्यांतील भेद महत्त्वाचा वाटतो. हा भेद मी अठरा वर्षे पदवीच्या पहिल्या वर्गाला शिकवीत आलो. तो पुरता समजण्यासाठी मात्र मला एका रुग्णालयाच्या बाकावर जाऊन बसावे लागले.

गेल्या वर्षी उन्हाळी परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना थकवा जाणवू लागला. दोन जिने चढले की दम लागे, डाव्या बरगडीखाली जडपणा वाटे, चार घासांतच पोट भरे. हा वयाचा आणि बैठ्या कामाचा परिणाम समजून मी दोन महिने दवडले. अखेर रक्त तपासले. एका घनमिलिमीटर रक्तात पांढऱ्या पेशी साधारणतः चार ते अकरा हजार असतात. अहवालात त्या दोन लाखांवर होत्या. आकड्यांत वावरणाऱ्या माणसाच्या मनात पहिली शंका आली ती छपाईच्या चुकीची. परंतु दुसऱ्या प्रयोगशाळेनेही तसाच आकडा दिला. कमरेच्या हाडात सुई घालून अस्थिमज्जा काढण्यात आली आणि काही दिवसांत आजाराचे नाव कळले: क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सावकाश वाढणारा रक्ताचा कर्करोग. त्या दिवशी घरी पोहोचेपर्यंत पत्नी आणि मी एकमेकांशी बोललो नाही. मुलीची बारावी आणि घराचे हप्ते यांचा हिशेब मात्र दोघांच्याही मनात चालू असला पाहिजे.

रुग्णालयातील पहिले पाच दिवस शिरेतून सलाइन, पेशींची संख्या खाली आणणारे औषध आणि मूत्रपिंडे जपण्यासाठी भरपूर पाणी, यांत गेले. त्यानंतर सुरू झाली ती रोज जेवणाबरोबर पेलाभर पाण्यासह घ्यावयाची एक गोळी. तिचे नाव इमॅटिनिब.

या गोळीची आणि माझी ओळख जुनी होती, पण ती फळ्यावरची. १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र आढळले. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाल्याने ते तसे होते, हे १९७३ साली जॅनेट राउली यांनी दाखवून दिले. या अदलाबदलीतून निर्माण होणारे प्रथिन पेशींना अखंड वाढण्याचा हुकूम देत राहते. त्यालाच रोखणाऱ्या इमॅटिनिबला २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. पूर्वी ज्या आजारात बहुसंख्य रुग्ण काही वर्षेच काढीत, त्यात नियमित गोळी घेणारे बहुतेक जण आता जवळजवळ सर्वसामान्य आयुर्मान गाठतात.

प्रश्न होता तो किमतीचा. नोव्हार्टिस या स्विस कंपनीच्या गोळ्यांना भारतात महिन्याला सुमारे एक लाख वीस हजार रुपये पडत. देशी कंपन्यांच्या त्याच औषधाला आठ ते दहा हजार. १९७० च्या आपल्या कायद्याने औषधाच्या पदार्थावर नव्हे, केवळ ते बनवण्याच्या प्रक्रियेवर पेटंट मान्य केले होते. जागतिक व्यापार संघटनेच्या करारापायी २००५ साली पदार्थावरील पेटंट परत आले, तेव्हा संसदेने एक अट घातली: ज्ञात द्रव्याचे नवे रूप अधिक गुणकारी असल्याखेरीज त्यावर पेटंट नाही. याच अटीवर, १ एप्रिल २०१३ रोजी, सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठाने कंपनीचे अपील फेटाळले. मक्तेदारीचे उदाहरण म्हणून हा खटला मी वर्गात दहा मिनिटांत संपवीत असे. आज रोज दुपारी तो मी पाण्याबरोबर गिळतो.

येथवर ही यशाची कथा आहे. परंतु त्याच बाकावर माझ्या शेजारी जालना जिल्ह्यातील एक कोरडवाहू शेतकरी आठ वर्षांच्या मुलाला घेऊन बसला होता. मुलाचा ल्युकेमिया वेगाने वाढणारा, लिम्फोब्लास्टिक प्रकारचा. त्यावरची मुख्य औषधे जुनी आणि तुलनेने स्वस्त आहेत. व्हिन्क्रिस्टीन आपल्या अंगणातील सदाफुलीपासून निघते. मेथोट्रेक्सेटमागे आंध्रच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे संशोधन आहे. प्रगत देशांत अशा दहांपैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. आपल्याकडे हे प्रमाण कमी पडते, आणि उपचार अर्ध्यावर सुटणे हे त्याचे एक मोठे कारण आहे. कारण हे उपचार दोन ते अडीच वर्षे चालतात.

तो म्हणाला, “औषधाचं योजनेतनं भागलं, सर. पण इथं ऱ्हायचं कसं, आन् तिकडं पेरणी कुणी करायची?”

किंमत आणि खर्च यांतील भेद इतक्या थोडक्या शब्दांत मला कधी मांडता आला नव्हता. शासनाची जन आरोग्य योजना औषधाची किंमत भरते, हे निःसंशय मोठे काम आहे. परंतु परगावचे राहणे, बुडालेला हंगाम, घरी ठेवलेली धाकटी मुलगी, ही रक्कम कोणत्याच बिलात येत नाही. मला वैद्यकीय रजा होती आणि वेतन चालू होते. त्याचे उत्पन्न मुलगा आजारी पडला त्याच दिवशी थांबले. म्हणूनच सोबतच्या माणसाच्या बुडीत मजुरीची भरपाई आणि मुक्कामाची सोय हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे. जी पुढची इंजेक्शने जिल्हा रुग्णालयात देता येतील, ती तेथेच मिळाली पाहिजेत. अर्ध्यावर सुटलेल्या उपचारात आधी झालेला खर्चही वाया जातो, हे अर्थखात्याला तरी पटावे.

एक गोष्ट मात्र शासनाची वाट न पाहता आपल्याला करता येईल. या मुलांना उपचारांच्या काळात वारंवार रक्त आणि प्लेटलेट लागतात. प्लेटलेट साधारणतः पाच दिवसच टिकतात. आपली महाविद्यालये जयंती-पुण्यतिथीला एकदम शंभर बाटल्या देतात आणि मे महिन्यात, सुट्टीत, रक्तपेढ्या रित्या होतात. नाशवंत मालाचा पुरवठा असा वर्षातून एकदा होत नसतो. प्राध्यापक, कर्मचारी आणि अठरा वर्षांवरील विद्यार्थी यांची वर्षभराची पाळी लावणे कोणत्याही महाविद्यालयाला अवघड नाही. आमच्याकडे अशी यादी करायला घेतली आहे. माझे नाव तीत येऊ शकत नाही. म्हणून ती लिहिण्याचे काम मी मागून घेतले.

तीन महिन्यांनी तपासणीला गेलो, तेव्हा माझ्या पेशी ताळ्यावर आल्या होत्या. बाकावर तो शेतकरी दिसला नाही. त्यांचा वार बदलला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. तो पेरणीचा महिना होता.