मोंटोनेचं सूर्यघड्याळ

सुट्टीत इटलीला जाणार असाल, तर उंब्रियातल्या मोंटोने गावी जरूर थांबा. तिथलं सूर्यघड्याळ म्हणजे आपल्या नाईक यशवंत घाडगे यांचं स्मारक. रायगडातल्या माणगाव तालुक्याचे घाडगे मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. १० जुलै १९४४ रोजी, टायबर नदीच्या खोऱ्यात, सगळे साथीदार मेले किंवा जखमी झाले, तेव्हा त्यांनी एकट्याने शत्रूची मशीनगन बंद पाडली. लगेच त्यांनाही गोळी लागली. वय अवघं २२. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. पण समाधी कुठेच नाही. ज्यांची कबर सापडत नाही, अशांच्या कसिनो स्मारकावर फक्त नाव आहे. म्हणून २०२३ मध्ये मोंटोनेत उभं राहिलेलं हे घड्याळ मोलाचं. मुलांना घेऊन जा. ते नाव त्यांना मोठ्याने वाचू द्या.