शरदातल्या शिंका

शरद ऋतू आला की कवींना चांदणे दिसते आणि आमच्या घरात रुमालांची टंचाई पडते. नवरात्रात इकडे कर्णपुऱ्याच्या यात्रेची धूळ उडू लागली की तिकडे आमच्या ह्यांच्या शिंका सुरू झाल्याच म्हणून समजा. एक नाही, दोन नाही, लागोपाठ दहा-बारा! बाहेर निघताना कोणी शिंकले तर आमच्या सासूबाई जाणाऱ्याला क्षणभर बसवून पाणी पाजत. त्या हिशेबाने ह्यांनी कार्तिक संपेपर्यंत उंबरठाच ओलांडायला नको!

घरोघरी ह्या शिंकांचे खापर दह्यावर नाहीतर गार पाण्यावर फुटते. पण ही सर्दी नव्हे, हे वावडे. साधी सर्दी आठवडा-दहा दिवसांत निरोप घेते. हा पाहुणा मात्र महिना महिना मुक्काम ठोकतो आणि दरवर्षी त्याच तिथीला येतो. नाकातून पातळ पाणी, डोळ्यांना आणि टाळूला खाज, पण ताप नाही, अशी त्याची ओळख. व्हिएन्नाचे डॉक्टर फॉन पिर्के ह्यांनी १९०६ साली त्याला ‘अ‍ॅलर्जी’ हे नाव दिले. शरीराचा पहारेकरी फुलांच्या निरुपद्रवी परागालाही दरोडेखोर समजतो, हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडतो आणि सगळ्या घराला जागे करतो, असा हा प्रकार.

आता हे सारे नेमके दिवाळीच्या तोंडावरच का? पावसावर वाढलेले गवत आणि तण ह्याच सुमारास फुललेले असते. भिंतींच्या ओलीवर बुरशी धरलेली असते. गाद्या-उशांत डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे पावसाळी दमटपणात माजलेले असतात. आणि नेमक्या त्याच वेळी आपण गृहिणी पदर खोचून माळे झाडायला निघतो!

म्हणून भगिनींनो, झाडू मारण्याआधी ओले फडके फिरवा. नाकातोंडाला कापड बांधा. ज्याला त्रास आहे त्याला त्या दिवशी बाजारहाटाला पिटाळा. तो आनंदाने जाईल. अभ्रे आणि चादरी चांगल्या कढत पाण्यात धुवा. ६० अंशांच्या पाण्यात हे किडे मरतात. फटाक्यांच्या धुरापासून दम्याच्या माणसाला दूर ठेवा.

औषधेही आहेत. हिस्टामिनला अडवणाऱ्या औषधांच्या शोधासाठी दानिएल बोवे ह्यांना १९५७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र जुन्या पद्धतीच्या गोळ्यांनी झोप येते, तेव्हा त्या घेऊन स्कूटरवर बसू नये. नाकात मारायचा फवारा डॉक्टरांनी दिला तर तो रोज नेमाने घ्यावा. त्याचा गुण यायला काही दिवस लागतात.

रात्री खोकला सुटत नसेल, छातीतून शिटीसारखा आवाज येत असेल, तर मात्र काढ्यावर भागवू नका. आमच्या शेजारी एक आजी आहेत. नातवाला डॉक्टरांनी श्वासाचा पंप दिला, तर ‘एकदा लागला की जन्माचा सुटत नाही’ म्हणून त्यांनी तो कपाटात कुलूपबंद केला! पोर रात्रभर उशीला टेकून बसून राही. पंपाची सवय लागत नाही. त्यातले औषध थेट फुप्फुसात जाते, म्हणून ते थोडेसेच पुरते. सूनबाईंनी आजींनाच डॉक्टरांकडे नेले, तेव्हा कुठे कुलूप उघडले.

राहिले गाजर गवत. पांढऱ्या फुलांच्या ह्या तणाची नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यात झाली आणि बघता बघता त्याने सारा मुलूख व्यापला. एकेका झाडाला हजारो बिया! आमच्या शहराचे नाव औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, पण रिकाम्या प्लॉटांवरचा ह्याचा ताबा काही सुटला नाही. त्याचा पराग नाकाला झोंबतो, आणि कातडीला लागले तर काहींना असा इसब होतो की पुढे वर्षानुवर्षे उलटतो. मेक्सिकोतून आणलेले भुंगे १९८४ पासून आपल्या देशात त्यावर सोडले गेले. ते पावसाळ्यात पाने फस्त करतात, पण एकट्याने पुरे पडत नाहीत.

गेल्या वर्षी दिवाळीआधी आमच्या कॉलनीने प्लॉट साफ करवून घेतला. उपटणारी बाई उघड्या हातांनी उपटत होती. चौथ्या दिवशी तिच्या पापण्या सुजल्या, मान आणि कोपर काळे-लाल झाले. ‘‘ताई, सणाला लेकीच्या सासरी हे तोंड घेऊन कशी जाऊ?’’ तिने विचारले. मी तिला दवाखान्यात नेले. पण ती माहेरचा फराळ घेऊन गेली नाही ती नाहीच.

यंदा आम्ही गवत फुलण्याआधी, श्रावणातच काढवले. जमीन ओली असल्याने ते मुळासकट आले. रबरी हातमोजे, लांब बाह्यांचा सदरा आणि तोंडाला फडके दिल्याशिवाय कोणाला हात लावू दिला नाही. हातमोज्यांचा खर्च फटाक्यांच्या एका माळेहून जास्त नव्हता. आपल्या शिंका थांबवण्यासाठी दुसऱ्याची कातडी जाळायची नाही, एवढे प्रत्येक कॉलनीला सहज जमण्यासारखे आहे.