एवढा घोडा झाला तरी खेळतोय!

शेतकरी बंधूंनो, तिशी ओलांडलेला गडी संध्याकाळी पोरांत कबड्डी खेळायला उतरला, की पारावरून शेरा येतोच, ‘एवढा घोडा झाला तरी खेळतोय!’ मोठ्यांचं खेळणं समाजाला खरंच खुपतं का? जरा मुंबईत, लालबाग-परळला चला.

तिथला गिरणी कामगार म्हणजे रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचा आपलाच माणूस. पाळी संपवून तो चाळीत यायचा आणि हुतूतूच्या मैदानात उतरायचा. पोरंबाळं असलेले बाप्ये खेळत आणि गॅलरीतून घरची मंडळी बघत. मुंबई राज्याने १९५३ साली कामगार कल्याण निधीचा कायदा केला. त्यातून उभ्या राहिलेल्या केंद्रांत खेळांचीही सोय झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, पुढे गिरण्या गेल्या. पण त्या भागातली कबड्डी टिकली.

गिरगावच्या चाळींतली मंगळागौर पाहा. नव्या नवरीबरोबर सासवा-मावश्याही झिम्मा-फुगडी घालतात. त्यांना कोण हसतं?

म्हणजे समाजाला खेळणं खुपत नाही; विनाकारण खेळणं खुपतं. देवाचं, मंडळाचं नाहीतर नोकरीचं नाव लागलं, की सगळं चालतं. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत भारताने कबड्डीचं सुवर्णपदक जिंकलं, २०१४ साली प्रो कबड्डी आली. आता त्याच वयाचे गडी टीव्हीवर दिसले की आपण टाळ्या वाजवतो! पत्त्यांवर पैसे लावले की घरचं धान्य जातं, तिथली नाराजी रास्तच. पण दिवसभर राबलेल्या माणसाने घटकाभर खेळायला कारण कशाला लागावं?

खरी अडचण बायाबापड्यांची. शाळेत कबड्डी गाजवलेली पोर लग्नानंतर मैदानाकडे फिरकत नाही. मंगळागौर वर्षातून एकदा. उरलेल्या दिवसांचं काय?

सरपंच, ग्रामसेवक भाऊसाहेब, पुरुषांच्या कबड्डीच्या मैदानाला १३ मीटर लांबी आणि १० मीटर रुंदी पुरते. बायकांचं त्याहून लहान. भोवती थोडी मोकळी जागा हवी. दगडगोटे वेचा, मऊ माती पसरा, चुन्याच्या रेघा मारा. येत्या ग्रामसभेत विषय घ्या आणि आठवड्यातली एक संध्याकाळ फक्त बायकांसाठी राखून ठेवा.

आणि पारावरच्या मंडळींनो, शेरा मारण्यापूर्वी एक डाव खेळून बघा. दम किती उरलाय, तेही कळेल!